हमीची मुदत आणि दोषाची मुदत

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सांता क्लारा येथे मुख्यालय असलेल्या एन्व्हिडिया कंपनीने २ जुलै २००८ रोजी एक निवेदन प्रसिद्ध केले. लॅपटॉप संगणकांत बसविल्या जाणाऱ्या तिच्या काही ग्राफिक्स चिप प्रमाणाबाहेर निकामी होत आहेत, चिपच्या बांधणीत वापरलेले साहित्य कमकुवत ठरले आहे, आणि हमीपोटी कराव्या लागणाऱ्या दुरुस्त्यांचा व परत येणाऱ्या मालाचा खर्च भागविण्यासाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद करावी लागत आहे, असा त्याचा मथितार्थ होता. संगणकाच्या पडद्यावर अक्षर, रेषा, चित्र असे जे काही उमटते ते या चिपमधून जाते. ती गेली की बाकीचे यंत्र धडधाकट असूनही आंधळे होते. लॅपटॉपची अंतर्गत रचना आणि ग्राहकांची वापरण्याची पद्धत यांचाही या बिघाडात वाटा आहे, हे सांगायला मात्र कंपनी विसरली नव्हती.

त्याच निवेदनात विक्रीचा अंदाजही घटविलेला होता. दुसऱ्या दिवशी शेअरबाजारात कंपनीच्या शेअरची किंमत सुमारे ३० टक्क्यांनी कोसळली. याचा अर्थ निवेदन ज्यांच्यासाठी होते त्यांच्यापर्यंत ते चोवीस तासांच्या आत पोहोचले. ते भागधारकांसाठी होते. कंपनीच्या नफ्यातोट्यावर परिणाम करणारी गोष्ट भागधारकांपासून लपवून ठेवता येत नाही, असा अमेरिकेचा कायदा आहे आणि तो कडक आहे. परंतु २००७ साली स्वतःच्या किंवा कर्जाच्या पैशाने लॅपटॉप विकत घेतलेल्या विद्यार्थ्याला, शिक्षिकेला किंवा कारकुनाला आपल्या यंत्रात तीच चिप आहे की नाही हे सांगण्याचे बंधन त्या कायद्याने कोणावरही घातलेले नव्हते. कोणत्या चिप सदोष आहेत याची यादी त्या निवेदनात नव्हती. भागधारकाला धोका कळला आणि त्याने शेअर विकले. लॅपटॉपचा मालक पडदा काळा होण्याची वाट पाहत राहिला.

हा बिघाड नेमका कसा होतो हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण हमीच्या साऱ्या राजकारणाचे मूळ त्याच्या स्वरूपात आहे. चिप म्हणजे नखाएवढी सिलिकॉनची चकती. ती राळ आणि तंतू यांपासून बनविलेल्या एका पाटीवर पालथी बसविलेली असते आणि दोहोंना जोडणारे असतात डाखाचे असंख्य सूक्ष्म ठिपके. मोहरीचा दाणा त्यांच्यापुढे धोंडा वाटावा इतके ते लहान. यंत्र चालू झाले की चिप तापते, बंद केले की निवते. तापल्यावर खालची पाटी सिलिकॉनच्या कितीतरी पट प्रसरण पावते, आणि ही ओढाताण सोसावी लागते ती मधल्या ठिपक्यांना. ती त्यांच्या एकट्यांवर पडू नये म्हणून भोवतालच्या पोकळीत चिकट द्रव्य भरून ते कडक केलेले असते. ते द्रव्य चिपच्या नेहमीच्या तापमानालाच मऊ पडू लागले, तर आधार नाहीसा होतो आणि एकेक ठिपका तडकू लागतो. लोखंडी तार एकदा वाकवल्याने तुटत नाही, पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. तसाच हा प्रकार आहे.

बिघाड घडून येण्यासाठी शेकडो वेळा तापणे-निवणे व्हावे लागते. त्याला महिने लागतात, कित्येकदा वर्षे लागतात. दुकानातून आणलेले यंत्र पहिल्या दिवशी उत्तम चालते, सहाव्या महिन्यात उत्तम चालते आणि दीड-दोन वर्षांनी पडद्यावर आडव्या-उभ्या पट्ट्या दिसू लागतात. दोष मात्र पहिल्या दिवसापासून त्यात असतो. बहुतेक लॅपटॉपची हमी असते १ वर्षाची. कारखान्यातच जन्मलेला दोष प्रकट होण्यास लागणारा काळ हमीच्या काळाहून अधिक असला, तर कारखानदाराची चूक आपोआप ग्राहकाच्या खर्चात जमा होते. त्यासाठी कोणी कोणाला फसविण्याची गरज राहत नाही. दिनदर्शिका ते काम करते.

जाता जाता एका गैरसमजाचा निकाल लावलेला बरा. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून विद्युत उपकरणांत शिशाच्या वापरावर बंधने आणली. त्यानंतर चिप निकामी झाल्या की 'पर्यावरणवाद्यांनी शिसे काढायला लावले, म्हणून डाख तडकतो' असे सांगण्याची रीत पडली. शिसेविरहित डाखाने काही अडचणी निर्माण केल्या हे खरे. परंतु चिपच्या पोटातील उच्च शिसेयुक्त डाखाला त्या नियमातून सूट होती, आणि एन्व्हिडियाच्या सदोष चिपची जी तपासणी तंत्रविषयक पत्रकारांनी करवून प्रसिद्ध केली, तिच्यात हे ठिपके भरपूर शिसे असलेलेच आढळले. कामगारांच्या आणि नदीनाल्यांच्या आरोग्यासाठी केलेल्या कायद्यावर कारखान्याच्या चुकीचे खापर फोडण्याची ही हातोटी जुनीच आहे.

निवेदनानंतर लॅपटॉप बनविणाऱ्या कंपन्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. डेलने जुलै २००८ मध्येच आपल्या बाधित मॉडेलांची यादी दिली आणि सोबत एक उपाय सुचविला. संगणकाच्या मूळ आज्ञावलीत असा बदल करायचा की पंखा अधिक वेळ फिरत राहील, म्हणजे चिपचे तापमान कमी वरखाली होईल. उपाय तांत्रिकदृष्ट्या चुकीचा नव्हता, कारण ओढाताण कमी झाली की ठिपके अधिक दिवस टिकतात. परंतु त्याने दोष जात नाही, लांबणीवर पडतो. लांबणीवर म्हणजे हमी संपेपर्यंत काय, असे टीकाकारांनी विचारले, आणि त्या विचारण्यात द्वेष होता असे म्हणता येणार नाही. पंख्याचा आवाज आणि बॅटरीचा जास्तीचा खप ग्राहकाच्याच वाट्याला आला. पुढे डेलने त्या मॉडेलांची हमी १२ महिन्यांनी वाढविली. एचपीनेही काही मॉडेलांच्या बाबतीत मुदत वाढवून दिली.

ॲपलची कथा अधिक बोधप्रद आहे. आमच्या चिप ठीक आहेत असे आश्वासन एन्व्हिडियाने ॲपलला दिले होते. ऑक्टोबर २००८ मध्ये ॲपलने स्वतः तपास केल्यानंतर जाहीर केले की, जीफोर्स ८६००एम जीटी ही चिप असलेल्या काही मॅकबुक प्रो संगणकांनाही हा दोष बाधत आहे. एक बलाढ्य कंपनी दुसऱ्या बलाढ्य कंपनीकडून अर्धसत्य ऐकते आणि तपास करण्याची ताकद असल्यामुळे ते उघडकीस आणते. ही ताकद एकट्या ग्राहकापाशी कोठून येणार? ॲपलने खरेदीच्या तारखेपासून २ वर्षांपर्यंत विनामूल्य दुरुस्ती देऊ केली. मग ती मुदत ३ वर्षे झाली, पुढे ४ वर्षे झाली. मुदत दोनदा वाढवावी लागली याचाच अर्थ यंत्रे नियोजित वेळापत्रक न पाळता निकामी होत राहिली.

या सर्व वाढीव मुदती मोजल्या गेल्या खरेदीच्या तारखेपासून. शेवटच्या दुरुस्तीच्या तारखेपासून कोणीच मोजले नाही. वस्तुतः प्रश्नाचे मर्म येथे आहे. लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स चिप मुख्य बोर्डावर डाखाने जडवलेली असते. ती निकामी झाली की सारा बोर्ड बदलतात. बदली म्हणून येणारा बोर्ड त्याच आराखड्याचा आणि त्यावरील चिपही त्याच जातीची असेल, तर ग्राहकाला मिळते ती दुरुस्ती नसते, दोषाची नवी प्रत असते. ती पुन्हा वर्ष-दीड वर्ष चालते आणि पुन्हा बंद पडते. ॲपलच्या हमीपत्राप्रमाणे बदललेल्या भागाला मूळ हमीचा उरलेला काळ किंवा ९० दिवस, यांपैकी जे अधिक असेल तेवढे संरक्षण मिळते. दीड वर्षाने उद्भवणाऱ्या दोषावर ९० दिवसांची हमी हा उपचार कितपत गंभीरपणे घ्यावा?

याच कंपनीच्या २०११ च्या मॅकबुक प्रोमध्ये हेच नाट्य अधिक विस्ताराने घडले. तेव्हा चिप होत्या एएमडी या दुसऱ्याच कंपनीच्या. फेब्रुवारी २०११ मध्ये बाजारात आलेले १५ इंची यंत्र अमेरिकेत १,७९९ डॉलरपासून पुढे मिळत होते. ही काही स्वस्तातली खरेदी नव्हती. २०१३ पासून तक्रारींचा ओघ वाढला. पडदा विस्कटतो, निळा पडतो, यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते, शेवटी सुरूच होत नाही. बोर्ड बदलून घ्यावा तर काही महिन्यांनी तेच. एकाच यंत्राचा बोर्ड दोन-दोन, तीन-तीन वेळा बदलल्याच्या हकिकती मोठ्या संख्येने पुढे आल्या. सह्यांचे अर्ज निघाले. ऑक्टोबर २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातील न्यायालयात सामूहिक दावा दाखल झाला, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये ॲपलने फेब्रुवारी २०११ ते डिसेंबर २०१३ या काळात विकलेल्या काही मॅकबुक प्रोंसाठी विनामूल्य दुरुस्तीची योजना जाहीर केली. 'अल्प टक्केवारी' एवढ्या यंत्रांत दोष आढळू शकतो, असे तिच्यात म्हटले होते. अल्प म्हणजे किती, याचा आकडा दिला नव्हता.

समजा, एखाद्याने मार्च २०११ मध्ये हे यंत्र घेतले. मार्च २०१२ मध्ये त्याची हमी संपली. २०१३ मध्ये पडदा गेला, त्याने शेकडो डॉलर भरून बोर्ड बदलला. २०१४ मध्ये तोही गेला. आता पुन्हा तेवढेच पैसे घालायचे की यंत्र भंगारात द्यायचे, या विवंचनेत त्याने भंगाराचा मार्ग पत्करला. योजना आली तेव्हा त्याच्याजवळ दुरुस्त करण्यासाठी काही उरलेच नव्हते. ज्यांनी दुरुस्तीचे पैसे भरले होते त्यांना ते परत करण्याची व्यवस्था कंपनीने केली, हे तिच्या बाजूने नमूद केले पाहिजे. परंतु ज्याने कंटाळून हार मानली त्याच्या नुकसानीची नोंद कोणत्याही खात्यात झाली नाही. विलंबाचा लाभ कोणाला झाला हे शोधण्यासाठी फार मोठ्या अर्थशास्त्राची आवश्यकता नाही.

कंपन्यांच्या बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे. लक्षावधी यंत्रे बनविताना काही सदोष निघणारच. दोष पुरवठादाराच्या कारखान्यातील, त्याचे कारण शोधायला वेळ लागतो. कोणी लॅपटॉप गादीवर ठेवून वापरतो आणि हवेची वाट कोंडतो. अनंत काळची हमी द्यायची तर तिची किंमत शेवटी सर्व ग्राहकांच्याच माथी बसेल. यांतील एकही मुद्दा सर्वस्वी खोटा नाही. परंतु मायक्रोसॉफ्टने जुलै २००७ मध्ये काय केले ते आठवावे. तिच्या एक्सबॉक्स ३६० या खेळयंत्रात अशाच जातीचा बिघाड होत होता. यंत्रावर तीन लाल दिवे लागत आणि खेळ संपे. तिनेही आधी बराच काळ चालढकल केली, पण अखेर त्या बिघाडापुरती हमी ३ वर्षांची केली आणि त्यासाठी १०५ ते ११५ कोटी डॉलरची तरतूद केली. त्यामुळे ती कंपनी बुडाली नाही. खेळयंत्राच्या धंद्यात गिऱ्हाईक गमावले तर पुढील अनेक वर्षांची खेळांची विक्री जाते, हा हिशेब त्यामागे होता. म्हणजे औदार्य दाखवायचे की नाही हे ठरते पुढच्या विक्रीवरून. ग्राहकाच्या हक्काला त्यात स्थान नाही, आणि हक्क नसेल तेथे कायदा लागतो.

कायदा नव्हता असे नाही. अमेरिकेत १९७५ साली मॅग्नसन-मॉस हमी कायदा संमत झाला. त्याने हमीचे दोन प्रकार केले : 'पूर्ण' आणि 'मर्यादित'. वाजवी संख्येचे प्रयत्न करूनही वस्तू दुरुस्त होत नसेल, तर पैसे परत किंवा नवी वस्तू यांपैकी ग्राहक जे मागेल ते दिले पाहिजे, ही तरतूद त्या कायद्यात आहे. मात्र ती लागू आहे 'पूर्ण' हमीला. उद्योगांनी यावर अत्यंत सोपा तोडगा काढला. त्यांनी आपल्या हमीपत्रांच्या माथ्यावर 'मर्यादित' हा एक शब्द छापला. संगणकाच्या खोक्यातून निघणारे हमीपत्र 'मर्यादित'च का असते याचे उत्तर या अर्धशतकापूर्वीच्या कलमात आहे. विधिमंडळाने ग्राहकासाठी उघडलेला दरवाजा असा एका विशेषणाने लावून घेतला गेला.

एन्व्हिडियाविरुद्धच्या सामूहिक दाव्यात २०१० साली तडजोड झाली. दुरुस्ती किंवा बदली यंत्र देण्याचे ठरले. परंतु एचपीच्या अनेक ग्राहकांना जुन्या, महागड्या यंत्राच्या जागी कॉम्पॅकचे एक स्वस्त यंत्र देऊ केले गेले, तेव्हा 'सारख्या प्रकारचे व सारख्या किमतीचे' या शब्दांचा अर्थ काय, यावर न्यायालयात नवा वाद सुरू झाला. चार वर्षे जुन्या यंत्राची किंमत आजच्या बाजारात ती काय, असा युक्तिवाद. यंत्र जुने झाले ते दाव्याच्या काळात, हे मात्र कोणी हिशेबात धरीना.

इंग्लंडने हा गुंता एका फटक्यात सोडविला. तेथील २०१५ चा ग्राहक हक्क कायदा सांगतो की, एकदा दुरुस्ती करूनही वस्तू करारानुरूप झाली नाही, तर ग्राहकाला किंमत कमी करून घेण्याचा किंवा वस्तू नाकारण्याचा हक्क आहे. 'वाजवी संख्या' नाही, एक. शिवाय पहिल्या ६ महिन्यांत उघड झालेला दोष विक्रीच्या वेळीच होता असे गृहीत धरतात. नव्हता हे विक्रेत्याने सिद्ध करायचे. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशाने हे गृहीतक किमान १ वर्षाचे केले आणि विक्रेत्याचे दायित्व किमान २ वर्षांचे ठेवले. २०२४ मध्ये संमत झालेल्या दुरुस्तीविषयक निर्देशाने आणखी एक पाऊल टाकले. ग्राहकाने बदलीऐवजी दुरुस्ती स्वीकारली तर हे दायित्व १ वर्षाने वाढेल. सदस्य राष्ट्रांनी ते अमलात आणण्यासाठी ३१ जुलै २०२६ ही तारीख ठरविण्यात आली. दुरुस्ती झाली म्हणून कालगणना बदलते, हे तत्त्व त्यातून कायद्यात शिरले. मॅकबुकच्या ग्राहकांना जे हवे होते त्याच्या हे बरेच जवळ जाणारे आहे.

भारतातील वाचकाला हा सारा परदेशातील सुखवस्तूंचा तंटा वाटण्याचा संभव आहे. समाजवादी चळवळीतही ग्राहकाचा प्रश्न हा पांढरपेशांचा प्रश्न, अशी एक समजूत दीर्घकाळ वावरत आली आहे. वास्तविक १९७२ मध्ये मुंबईत महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या स्त्रिया, आणि त्यांच्या पुढे चालणाऱ्या मृणाल गोरे व अहिल्या रांगणेकर, यांनी तेल-रव्याच्या गिऱ्हाइकाला राजकीय शक्ती बनविले होते. आज लॅपटॉप ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. तालुक्याच्या गावी अर्ज भरून देणारे केंद्र चालविणारा तरुण, छपाईची जुळणी घरबसल्या करणारी स्त्री, शिकवणीचे वर्ग घेणारा पदवीधर यांचे ते हत्यार आहे, आणि बहुधा हप्त्यांवर घेतलेले आहे. हप्ता १८ महिन्यांचा आणि हमी १२ महिन्यांची, असा व्यवहार सर्रास होतो. यंत्र मेल्यावरही त्याचे हप्ते चालू राहतात.

भारताच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कार्यकर्त्यांनी पक्के लक्षात ठेवावे असे काही आहे. व्यापारी हेतूने वस्तू घेणाऱ्याला तो कायदा ग्राहक मानत नाही, आणि कंपन्यांचे वकील या वाक्याचा आधार घेऊन तक्रार उडवून लावू पाहतात. परंतु केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी वस्तू घेऊन ती स्वतः वापरणारा मनुष्य ग्राहकच आहे, असा खुलासा त्याच कलमात आहे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते; कंपनीचे कार्यालय बंगळुरूला असले म्हणून तिकडे जावे लागत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्यांची तक्रार एकच आहे अशा अनेक ग्राहकांच्या वतीने, आयोगाच्या परवानगीने, एकत्र तक्रार दाखल करता येते.

या कायद्यात उणिवाही आहेत. 'उत्पादन दायित्व' या नावाचे मोठे प्रकरण त्यात घातले आहे. सदोष उत्पादनामुळे झालेल्या हानीची भरपाई उत्पादकाने करावी, असे ते म्हणते. मात्र 'हानी'ची व्याख्या वाचली की कळते, खुद्द त्या वस्तूची झालेली हानी तिच्यातून वगळलेली आहे. लॅपटॉप पेटून घर जळाले तर हे प्रकरण लागू. लॅपटॉप तीनदा बंद पडून निकामी झाला तर नाही. तेव्हा वस्तूतील 'दोष' आणि सेवेतील 'उणीव' या जुन्याच कलमांवर लढावे लागते. तेथे दुरुस्ती, बदली, पैसे परत आणि भरपाई असे सर्व आदेश मिळू शकतात, पण किती दुरुस्त्यांनंतर कोणता, हे आयोगाच्या मनावर सोडलेले आहे. इंग्लंडसारखा 'एक' हा आकडा आपल्या कायद्यात का असू नये, हा प्रश्न लोकसभेत उपस्थित करण्यासारखा आहे.

दुरुस्तीच्या हक्काची चर्चा भारत सरकारनेही केली. जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने एक समिती नेमली, शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात एक पोर्टल सुरू केले. कंपन्यांनी आपल्या सेवा केंद्रांची, सुट्या भागांची माहिती तेथे द्यावी अशी कल्पना. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये केलेल्या कायद्यात १०० डॉलर आणि त्यावरील किमतीच्या उपकरणांचे सुटे भाग, हत्यारे व माहिती उत्पादन थांबल्यावर ७ वर्षांपर्यंत स्वतंत्र कारागिरांनाही उपलब्ध करून देण्याचे बंधन आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील कारागिराला अशा कायद्याची किंमत चांगली समजेल.

या कारागिराविषयी दोन शब्द अधिक लिहिणे अवश्य आहे, कारण कंपन्यांच्या प्रचारात त्याचे चित्र अडाणी मोडतोड्याचे असते. हमी संपलेला बोर्ड अधिकृत केंद्रात नेला की तेथे सारा बोर्ड बदलण्याचाच दर सांगतात; तो पुष्कळदा जुन्या यंत्राच्या किमतीला जाऊन भिडतो. लॅमिंग्टन रोडवरील माणूस भिंगाखाली बोर्ड धरून नेमका कोणता भाग गेला ते शोधतो. ग्राफिक्स चिप गेली असेल तर गरम हवेच्या झोताने ती उचलतो, खालचे डाखाचे मणी नव्याने बसवितो, किंवा दुसरी चिप जडवतो. अडचण अशी की बोर्डाचा नकाशा कंपनी देत नाही, आणि नवी चिप त्याला कोणी विकत नाही. मग भंगारातल्या बोर्डावरची चिप काढायची, म्हणजे तोच दोष पुन्हा. चिप तापवून यंत्र तात्पुरते जिवंत करणाराही एक वर्ग आहे. परदेशात तर लोकांनी बोर्ड घरच्या भट्टीत भाजून पाहिले आणि ते काही आठवडे चालले देखील! उष्णतेने तडकलेले ठिपके क्षणभर एकमेकांना चिकटतात, एवढाच त्याचा अर्थ. त्याला दुरुस्ती म्हणून विकणे हा लबाडपणा आहे आणि तो आपल्या बाजारातही चालतो. परंतु ज्याला नकाशा नाही, भाग नाही, त्याच्या हातून सचोटीचे काम व्हावे ही अपेक्षा करणाऱ्यांनी आधी नकाशा आणि भाग मिळवून द्यावेत.

या साऱ्यात एक मागणी अद्याप कोणत्याही देशाने पुरती उचललेली दिसत नाही. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर 'दुरुस्तीयोग्यता निर्देशांक' छापणे सक्तीचे केले. वस्तू उघडणे किती सोपे, भाग मिळतात का, किंमत काय, यांवरून १० पैकी गुण. योजना चांगली आहे. पण विकलेल्या दर हजार यंत्रांपैकी किती हमीच्या काळात परत आली, किती दुसऱ्यांदा परत आली, कोणत्या भागासाठी, हा आकडा तिच्यात नाही. तो आकडा कंपनीपाशी असतो. प्रत्येक सेवा केंद्रात बदललेल्या प्रत्येक बोर्डाची नोंद होते, जुना बोर्ड परत मागवला जातो, त्याचे विश्लेषण होते. एन्व्हिडियाने १५ ते २० कोटींची तरतूद केली ती काही डोळे मिटून केलेली नव्हती. कोणत्या मॉडेलच्या किती चिप परत येणार याचा अंदाज बांधूनच ती रक्कम निघाली. भागधारकाला हे आकडे रुपांतरित होऊन नफ्यातोट्याच्या पत्रकात मिळतात. ग्राहकाला ते मूळ रूपात मिळाले पाहिजेत. तसे झाले तर सेवा केंद्राच्या खिडकीवर 'अशी तक्रार आमच्याकडे प्रथमच आली' हे वाक्य ऐकवणे कठीण जाईल. तिसऱ्यांदा बोर्ड बदलायला आलेल्या माणसालाही ते ऐकवले जाते.

तोवर कार्यकर्त्यांच्या हातात काम आहे आणि ते कंटाळवाणे आहे. सेवा केंद्रात यंत्र देताना मिळणाऱ्या पावतीवर तक्रार ग्राहकाच्या शब्दांत लिहून घ्यावी. 'चालू होत नाही' एवढ्यावर भागवू नये. परत घेताना कोणता भाग बदलला, जुन्या व नव्या भागाचा क्रमांक काय, हे लेखी मागावे. पहिल्या वेळी हे केले नाही तर तिसऱ्या वेळी तोच दोष होता हे सिद्ध करता येत नाही; कंपनी तीन स्वतंत्र बिघाड म्हणून मोकळी होते. एका मॉडेलच्या दहा-पंधरा मालकांच्या अशा पावत्या एका ठिकाणी जमल्या की सामूहिक तक्रारीचा पाया तयार होतो. ग्राहक पंचायतीसारख्या संस्था १९७० च्या दशकापासून या राज्यात आहेत, त्यांचा अनुभव हाताशी आहे. पक्षाच्या शाखांनी त्यांच्याकडे पाठ फिरवण्याचे कारण नाही. मात्र आयोगाकडे जाण्यासाठी तक्रारीचे कारण उद्भवल्यापासून २ वर्षांची मुदत असते. पुरेसे कारण दाखविल्यास उशीर माफ होतो. पण सेवा केंद्राच्या फेऱ्यांत गेलेले महिने हे पुरेसे कारण धरायचे की नाही, हे त्या त्या आयोगावर अवलंबून राहते. म्हणून पहिला बोर्ड बदलला त्या दिवसाची पावती जपून ठेवावी लागते, आणि दुसरा बोर्ड गेला त्याच आठवड्यात कंपनीला लेखी नोटीस धाडावी लागते.